एका कॉम्प्युटरवर सहा हँडहेल्ड: पोर्ट न जाळता चार्जिंग आणि सिंक कसं करावं?

स्टोअर_उद्यमनगर
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं मशीन शॉप, त्याचं स्टोअर. स्टॉक मोजायला सहा अँड्रॉइड हँडहेल्ड आहेत, बारकोड स्कॅनरवाले, टाइप-सी पोर्ट, बॅटरी ४००० एमएएच. संध्याकाळी सातला सगळे एकाच डेस्कटॉपला लावतात, सकाळी आठला काढतात. तीन अडचणी आहेत.
एक, सकाळी दोन-तीन नग अर्धेच भरलेले असतात. दोन, फाइल कॉपी होताना मध्येच जोडणी तुटते. तीन, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला दोन नग लावले की विंडोज 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असं ओरडतं.
पोर्ट किंवा मदरबोर्ड जायच्या आधी योग्य पद्धत कळली तर बरं.

तिखट_कट
एका तव्यावर सहा जणांची पंगत बसवलीय की ओ तुम्ही! भाकरी कच्ची राहणारच.

सोल्डरशिसं
तिखट_कट यांनी तव्याचं बरोबर सांगितलं, आता आकडे बघू.
यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर द्यायला बांधील आहे, तेही उपकरणाची कॉम्प्युटरशी ओळख झाल्यावर. ओळख होईपर्यंत फक्त १००. यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलीअँपिअर देतो. टाइप-सी पोर्ट १.५ किंवा ३ अँपिअर देऊ शकतो, पण देईलच असं नाही, ते मदरबोर्ड बनवणाऱ्यावर आहे.
तुमची बॅटरी ४००० एमएएच, सरासरी ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण १५.४ वॅट-तास. २.० चा पोर्ट २.५ वॅट देतो. चार्जिंगमध्ये १५ टक्के उष्णतेत गेले असं धरलं तर बॅटरीत २.१ वॅट पोचतात, म्हणजे सव्वासात तास. स्क्रीन चालू राहिली आणि वाय-फाय फिरत राहिलं तर तेवढीच वीज वर खर्च होते आणि टक्केवारी जागची हलत नाही.
एका पोर्टला एक नग असेल तर रात्रभरात भरायला हवा. ज्याअर्थी भरत नाही, त्याअर्थी मध्ये हब आहे, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा. बरोबर?

स्टोअर_उद्यमनगर
आहे. सात पोर्टचा हब, त्याचा अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअर. चार नग हबवर, दोन पुढच्या पोर्टला. पुढचे पोर्ट ओरडायला लागल्यापासून सहाच्या सहा हबवर.

सोल्डरशिसं
मग पहिल्या दोन्ही अडचणींचा उलगडा झाला. सहा नग प्रत्येकी ५०० मागणार, म्हणजे ३ अँपिअर. अडॅप्टर २ चा. भार वाढला की त्याचा व्होल्टेज खाली बसतो. मग हबची चिप गडबडते, सगळ्या नगांची जोडणी एकदम तुटते, परत जुळते, परत तुटते. तुमची कॉपी नेमकी तिथे मरते. बॅटरी रिकामी असताना नग जास्त करंट ओढतात, म्हणून हा त्रास संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी होत असणार.
दुसरी मेख: स्वस्तातला सात पोर्टचा हब म्हणजे बहुतेक वेळा चार पोर्टच्या दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात. पहिलीचा एक पोर्ट दुसरीला जातो, म्हणून चार अधिक चार वजा एक, सात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा, हबच्या पोटात हब दिसेल. दुसऱ्या चिपेवरचे पोर्ट आधी रडतात.

राजारामपुरी_७वी_गल्ली
रात्री जाताना मेन स्विच पाडता का? हबच्या अडॅप्टरची वीज गेली आणि कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहिला तर हब कॉम्प्युटरच्याच विजेवर येतो. तेव्हा ५०० मधले १०० हब स्वतःला ठेवतो आणि पुढे प्रत्येक पोर्टला १०० मिलीअँपिअर. त्यात नग भरायचा म्हणजे सोमवारी लावलेला बुधवारी काढायचा.

स्टोअर_उद्यमनगर
@राजारामपुरी: मेन पाडत नाही. पण कॉम्प्युटर अर्ध्या तासाने झोपी जातो.

राजारामपुरी_७वी_गल्ली
तेही तपासा. कॉम्प्युटर झोपला की पोर्टवरच्या उपकरणाने नियमाने २.५ मिलीअँपिअरच्या वर ओढायचं नसतं. पुष्कळ फोन हा नियम पाळत नाहीत आणि चार्ज होत राहतात, काही मात्र इमानदारीत थांबतात. शिवाय काही हब कॉम्प्युटर झोपला की पुढची वीजच तोडतात.
उपाय: पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या, ही खूण काढा. कॉम्प्युटर बंद असतानाही पोर्टवर वीज हवी असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) 'ईआरपी' नावाचा वीज वाचवणारा पर्याय बंद लागतो. लॅपटॉपवर ज्या पोर्टपाशी बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असतं तो झोपेतही चार्जिंग देतो.

मंगळवार_पेठ
कॉम्प्युटरवर चार्ज केलं की बॅटरी लवकर खराब होते. सावकाश करंट बॅटरीला मारतो. चार्जरच वापरावा.

सोल्डरशिसं
असहमत. लिथियम बॅटरीला सावकाश चार्जिंग सोसतं, उलट मानवतं. तिला मारते ती उष्णता, आणि १०० टक्क्यांवर तासन् तास टांगून ठेवणं. चार्जिंग ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच व्हायला हवं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात एकावर एक रचलेले सहा नग ही मर्यादा सहज गाठतील. सुटे, उभे, लोखंडी रॅकवर ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको. पाठीमागचं झाकण फुगलेलं किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली की तो नग चार्जिंगमधून कायमचा बाहेर.

बिट_बाय_बिट
केबलचं कोणीच बोललं नाही अजून. हबएवढाच दोष केबलीत असतो.
केबलीच्या आवरणावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, टॉर्च मारून वाचा. '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' असं काहीतरी. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. २४ चांगली. दोन्हीकडे २८ असेल तर ती केबल फक्त डेटासाठी धरा.
हिशेब सोपा आहे. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दीड मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर, ०.६४ ओहम. ५०० मिलीअँपिअरला ०.३२ व्होल्ट केबलीतच खर्च होतात, १ अँपिअरला ०.६४. बसलेल्या अडॅप्टरने आधीच ४.७ दिले असतील तर ५०० मिलीअँपिअरलाही नगापर्यंत ४.३८ पोचणार, आणि तो चार्जिंग कमी करणार किंवा सोडून देणार. तीच केबल २४ नंबरची असेल तर १ अँपिअरला खर्च फक्त ०.२५ व्होल्ट.
काहीच छापलेलं नसेल तर? त्या केबलीवर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

ताराराणी_चौक
बिट_बाय_बिट +१. भर घालतो. टाइप-ए ते टाइप-सी केबलीत सी च्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असावा लागतो. तो नगाला सांगतो की समोर साधा यूएसबी पोर्ट आहे, बेताने ओढ. हलक्या केबलीत तिथे १० किलोओहम टाकलेला सापडतो. त्याचा अर्थ होतो '३ अँपिअर घे'. नग बिचारा घेतो, पोर्ट मात्र ५०० चा. इथूनच पोर्ट जळण्याची सुरुवात होते.
दुसरा सापळा 'फक्त चार्जिंग' केबल, किंवा ते डेटा अडवणारं छोटं बोंडूक. त्यात डेटाच्या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. तशी जोडणी ही भिंतीवरच्या चार्जरची खूण आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोर्टला ही केबल लावली की नग समजतो चार्जर आला, आणि १.५ अँपिअरपर्यंत मागतो. डेटा चोरीच्या भीतीने बसस्टँडवर ते बोंडूक वापरा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर नको.

तिखट_कट
म्हणजे जाळ अन् धूर संगटच!

ताराराणी_चौक
बहुतेक वेळा धूर निघत नाही. पोर्टमागे रिसेट होणारा फ्यूज किंवा करंट मर्यादेची चिप असते, ती तोडते. तुमचा 'पॉवर सर्ज' संदेश तोच. पण दररोज तोडायला लावलं तर तोही थकतो, आणि हलक्या बोर्डावर चार-चार पोर्टांना मिळून एकच असतो.

स्टोअर_उद्यमनगर
पण हल्ली एकच नग लावला तरी पुढचा पोर्ट ओरडतो. केबल बदलून पाहिली.

सोल्डरशिसं
मग पोर्टातच काहीतरी आहे. कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. टॉर्चने पोर्टात बघा. आतली प्लॅस्टिकची जीभ वाकलीय का, चार पिनांपैकी एखादी उचकटून पत्र्याला टेकलीय का, लोखंडाचा कीस बसलाय का. मशीन शॉप म्हटल्यावर माझा संशय किसावर.
ते ठीक असेल तर कॅबिनेट उघडा. पुढचे पोर्ट एका नऊ पिनांच्या कनेक्टरने बोर्डावर जातात, दहावी जागा मुद्दाम रिकामी असते. तो नीट बसलाय का बघा. जुन्या कॅबिनेटला चार-चार सुट्या तारा येतात, त्या उलट बसल्या तर व्हीसीसी (५ व्होल्ट) आणि ग्राउंडची अदलाबदल होते, मग लावलेला नगच जातो. शंका असेल तर कनेक्टर काढून ठेवा आणि मागचे पोर्ट वापरा. ते बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, मधली केबल नाही.

पंचगंगेकाठी
किसाचा विषय निघालाच आहे म्हणून. ती लोहचुंबकाची चार्जिंग केबल येते ना, टोक टक्कन चिकटणारी, ती उद्यमनगरात आणूसुद्धा नका. कास्टिंगचा चुरा त्या चुंबकाला दाढीसारखा चिकटतो आणि ५ व्होल्टची पिन ग्राउंडला जोडतो.
नगाचा पोर्ट साफ करायचा तर नग बंद करून लाकडी टूथपिकने, कडेकडेने. सुई किंवा टाचणी नाही. तोंडाने फुंकर नाही, थुंकीचा ओलावा जातो. आणि कंप्रेसरची गन तर मुळीच नाही. सहा-सात बारची हवा, तिच्यात टाकीतलं पाणी आणि तेलाचे थेंब. कीस बाहेर यायच्या ऐवजी बोर्डाखाली जाऊन बसतो.
पावसाळ्याचंही सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच. पोर्टात ओल असताना चार्जिंग लावलं की ५ व्होल्टच्या पिनेवर विद्युत विघटन होऊन ती पिन हिरवी-काळी पडते. 'ओलावा आढळला' असा इशारा आला तर मुकाट्याने केबल काढा, पोर्ट खाली करून पंख्यासमोर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, पीठ मात्र पोर्टात जातं.

मंगळवार_पेठ
आजऱ्याचा घनसाळ असेल तर फोनला वास तरी चांगला येईल :)

वायरमन_काका
सगळे ५ व्होल्टवर भांडताय, २३० कडे कोण बघणार? कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण येते का? येत असेल तर अर्थिंग नाही. सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एकेक कपॅसिटर असतो. अर्थ नसला की पत्रा दोन्हींच्या मध्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही. पण तोच पत्रा यूएसबीच्या ग्राउंडला जोडलेला असतो, आणि दुसऱ्या टोकाला तुमचा नग.
सॉकेटवर मीटर लावला तर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.
शॉपमध्ये वेल्डिंग चालतं का? वेल्डिंगचा रिटर्न क्लॅम्प जॉबलाच लावायचा, लांबच्या खांबाला नाही. रिटर्नला नीट वाट मिळाली नाही तर तो करंट कॉम्प्युटरच्या अर्थमधून आणि यूएसबीच्या जाळीतून वाट काढतो. तिथे पोर्टाचा फ्यूज काही करू शकत नाही.
आणि एक. सीएनसी मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर यूएसबी पोर्ट असतो तो प्रोग्रॅमच्या पेन ड्राइव्हसाठी आहे. पोरं तिथे मोबाइल लावतात. सव्वाशे रुपयाच्या केबलीपायी कंट्रोलर बंद पडला तर दिवसाचं उत्पादन गेलं.

स्टोअर_उद्यमनगर
काका, झिणझिण येते. वायरमनला उद्याच बोलावतो. पण सिंकचं काय? जोडणी टिकली तरी कधीकधी हँडहेल्डचं फोल्डर कॉम्प्युटरवर रिकामं दिसतं. फाइल हँडहेल्डवर मात्र असते.

बिट_बाय_बिट
हा एमटीपीचा, म्हणजे अँड्रॉइड ज्या पद्धतीने केबलीवरून फाइल दाखवतं तिचा, जुना खोडसाळपणा. कॉम्प्युटर थेट मेमरी वाचत नाही, अँड्रॉइड त्याच्या यादीत जे आहे तेवढंच दाखवतं. स्टॉकच्या ॲपने फाइल लिहिली पण यादीत नोंद केली नाही, तर फाइल असूनही दिसत नाही. नग रीस्टार्ट केला की यादी नव्याने बनते, म्हणून तेव्हा दिसते. ॲपवाल्याला सांगा, फाइल लिहून झाल्यावर मीडिया स्कॅनरला कळवायची एक ओळ टाक.
तोवर एडीबी वापरा, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला आज्ञा द्यायचं साधन. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू, पहिल्यांदा जोडल्यावर नगावर 'या कॉम्प्युटरला परवानगी' द्या. मग 'एडीबी डिव्हायसेस' आज्ञेने सहाही नगांचे सिरियल नंबर दिसतात. प्रत्येकासाठी 'एस' पर्यायात सिरियल देऊन 'पुल' करा. सिरियलच्या नावाचं वेगळं फोल्डर करा, नाहीतर सहाही नगांची फाइल एकाच नावाची असते आणि शेवटची आधीच्या पाचांवर बसते. सहा ओळींची बॅच फाइल पुरते. काम झाल्यावर डीबगिंग बंद करा, विशेषतः नग शॉपबाहेर जात असेल तर.
एमटीपीच ठेवायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्येच 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' 'फाइल ट्रान्सफर' करून ठेवा. मग दर वेळी निवडावं लागत नाही. जोडताना स्क्रीनचं लॉक उघडलेलं हवं.
मूळ फाइल पुसण्याआधी दोन्हीकडची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवून बघा. कॉपी करा, कट कधीच नाही.

एक_वाचक
अवांतर: आयफोनवरून विंडोजला फोटो घेताना निम्म्यात 'उपकरण चालत नाही' असा संदेश येतो. केबल तीन बदलल्या.

बिट_बाय_बिट
केबलीचा दोष नाही. फोन कॉपी करता करता फोटो जेपेगमध्ये बदलत असतो आणि तिथे अडखळतो. सेटिंग्जमध्ये फोटोजच्या तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, ते 'ऑटोमॅटिक' वरून 'कीप ओरिजिनल्स' करा.

एक_वाचक
झालं! नाद खुळा.

राजारामपुरी_७वी_गल्ली
मूळ प्रश्नाकडे. या हबचं अजून एक तपासा, उलटा प्रवाह. कॉम्प्युटरची वीज काढा, हबचा अडॅप्टर चालू ठेवा. हबची जी केबल कॉम्प्युटरला जाते ती काढून तिच्या प्लगच्या चार पिनांपैकी कडेच्या दोन लांब पिनांवर मल्टीमीटर लावा. शून्य यायला हवं. ५ व्होल्ट आले तर हब उलटा मदरबोर्डाला वीज पाजतोय, तो हब भंगारात.

स्टोअर_उद्यमनगर
लावला. ४.९.

राजारामपुरी_७वी_गल्ली
विषय संपला. हब बदला.

सोल्डरशिसं
माझं मत विचाराल तर चार्जिंग आणि सिंक वेगळं करा. संध्याकाळी मागच्या पोर्टला एकेक नग लावून फाइल घ्या, दोन-दोन मिनिटांचं काम. मग सगळे चार्जरवर. सहा पोर्टचा चार्जर घेतलात तर एकूण वॅट बघा, नुसती पोर्टची संख्या नको. प्रत्येकी १० वॅट धरले तर ६० वॅट. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो.

मंगळवार_पेठ
शेवटी चार्जरच ना? मी पहिल्यांदा हेच म्हटलं होतं.

सोल्डरशिसं
उत्तर बरोबर, कारण चूक. निम्मे मार्क.

स्टोअर_उद्यमनगर
एक कबूल करतो. नगांबरोबर चार खणांची दोन क्रेडल (नग उभे ठेवून चार्ज करायची स्टँड) आली होती, १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह. पिना काळ्या पडल्या म्हणून कपाटात टाकली. ती चालतील का?

तिखट_कट
घरात पांढरा-तांबडा शिजलेला, आणि हा भावा शेजारी चटणी मागतोय!

ताराराणी_चौक
चालतील, हबपेक्षा कितीतरी बरी. फक्त आधी त्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला लाल टेप गुंडाळा. त्याची गोल पिन आणि हबच्या ५ व्होल्टवाल्या अडॅप्टरची गोल पिन बहुधा एकाच मापाची असेल. घाईत १२ चा हबमध्ये गेला तर हब आणि त्यावरचे सहाही नग एका क्षणात.

पंचगंगेकाठी
पिनांसाठी खोडरबर घासू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघतो आणि मग गंज लवकर येतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, अडॅप्टर काढून. नगाच्या तळाच्या पट्ट्याही पुसा. मग टूथपिकने एकेक पिन दाबून सोडा, उसळून वर आली पाहिजे. अडकलेली असेल तर तिच्यावर अल्कोहोलचा एक थेंब सोडून दहा-बारा वेळा दाबा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच वीज.
तेलाचा थेंब मात्र सोडू नका. मशीन शॉपमध्ये हात आपोआप तेलाच्या कॅनकडे जातो.